शेवटची दहा पावले



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो वेतनावर बोलणार, महागाईवर बोलणार, कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती रास्तही आहे. त्या विषयांवर मी वर्षातले तीनशे दिवस बोलतच असतो. आज मात्र मी एका खेळाविषयी बोलणार आहे. समुद्रकिनाऱ्यावर दडवून ठेवलेला एक डबा शोधून काढावयाचा, एवढाच तो खेळ. आमच्या चिपळूणकडच्या कारखान्यांतले कामगार, त्यांच्या घरची माणसे आणि मुले असे आम्ही बावीस जण फेब्रुवारीतल्या एका रविवारी गुहागरला हा खेळ खेळावयास गेलो होतो. डबा सापडला. पण डब्याच्या निमित्ताने जे इतर पाहावयास मिळाले ते अधिक मोलाचे होते, आणि ते पाहताना श्रमाविषयीचा एक विचार माझ्या मनात पक्का झाला. तो आपल्यापुढे मांडावा म्हणून मी आज उभा आहे.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगतो. याला जिओकॅशिंग असे म्हणतात. 'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे दडवून ठेवलेला साठा. रोकड पैशाच्या कॅशशी त्याचा काही संबंध नाही, हे आमच्या मंडळींना मला दोनदा समजावून सांगावे लागले! या खेळाचा जन्म अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात झाला, आणि त्याची तारीखही नक्की ठाऊक आहे. अमेरिकेच्या लष्कराने आकाशात जे मार्गदर्शक उपग्रह फिरत ठेवले आहेत, त्यांच्या साहाय्याने पृथ्वीवरचे कोणतेही ठिकाण कळते, हे आपण जाणता. परंतु २००० सालापर्यंत सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत इकडे तिकडे होई. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ही मुद्दाम केलेली चूक काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक बादली ठेवली, तीत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू टाकल्या, आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करून टाकले. शोधा म्हणाला! तीन दिवसांच्या आत ती सापडलीसुद्धा. आज असे तीस लाखांहून अधिक डबे जगभर ठेवलेले आहेत.

या उपग्रहांचे काम थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या बोलण्याला त्याची गरज आहे. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकावर अत्यंत अचूक असे अणुघड्याळ असते. तो सतत सांगत असतो, "मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले." तो संदेश आपल्या हातातल्या फोनपर्यंत यावयास किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर आहे हे निघते. निदान चार उपग्रहांचे अंतर कळले म्हणजे आपली जागा कळते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर ठिकाण ३०० मीटरने हुकते. इतके नाजूक हे गणित आहे. आणि तरीही, एवढे सारे होऊन, उघड्या आकाशाखाली साधा फोन आपल्याला नेमक्या जागेपासून चार-पाच मीटरांवर आणून सोडतो. झाडीत, भिंतीच्या आडोशाला त्याहून दूर. म्हणजे आपल्या चालीने आठ-दहा पावले शिल्लक राहतात. तेथून पुढे उपग्रह काही सांगत नाही. तेथे माणसाने स्वतःचे डोळे, हात आणि डोके वापरावयाचे असते. माझ्या आजच्या बोलण्याचे सारे मर्म या शेवटच्या दहा पावलांत आहे.

आता कोणी म्हणेल, की कामगाराच्या पाठीमागे इतक्या विवंचना असताना युनियनच्या माणसाला हा डबे शोधण्याचा उद्योग कोठून सुचला? हा प्रश्न मला आमच्या कार्यालयातही विचारण्यात आला. त्याला माझे उत्तर असे, की तो रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. सत्यशोधक विचाराचे आणि 'दीनबंधु' पत्राचे चालक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणीकामगारांची संघटना उभारली, त्यांच्या मागण्या लिहून काढल्या, आणि आठवड्याच्या सुटीसाठी वर्षानुवर्षे झगडा केला. १८९० च्या एप्रिलात मुंबईत गिरणीकामगारांची प्रचंड सभा भरली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. जी सुटी झगडून मिळविली, ती सारी झोपेत आणि बाजारहाटात घालविली, तर मिळविणाऱ्यांचे ऋण फिटले असे मला वाटत नाही. विश्रांती हा मजुरीचाच एक भाग आहे. समुद्र पाहण्याचा, पक्षी पाहण्याचा, काही शिकण्याचा हक्क ज्यांच्याजवळ दुर्बीण आणि मोटारगाडी आहे त्यांच्यापुरताच नाही. ज्या ऑरेगनमध्ये हा खेळ जन्मला, तेथे १९६७ मध्ये कायदा करून समुद्रकाठची सारी पुळण जनतेच्या वापरासाठी मोकळी राखण्यात आली, ही गोष्ट या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटते.

असो. आता गुहागरची हकीकत.

हा डबा ठेवला होता आमच्याच एका फिटरच्या मुलाने. तो शिक्षणासाठी बाहेरगावी असतो. दिवाळीच्या सुटीत येऊन त्याने तो ठेवला. या खेळाचे काही नियम आहेत. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावयाची, डबा जमिनीत पुरावयाचा नाही, झाडाला खिळा मारावयाचा नाही. त्याप्रमाणे किनाऱ्यालगतच्या एका वाडीच्या मालकांना विचारून त्याने तो ठेवला होता. आम्हांला त्याने फक्त आकडे दिले होते आणि एक वाक्य सांगितले होते: "भरतीचे पाणी पोचत नाही, पण गाज ऐकू येते." आता गुहागरच्या किनाऱ्यावर गाज कोठे ऐकू येत नाही?

आम्ही रात्रीच निघून पहाटे उजाडता उजाडता पोचलो. त्या दिवशी षष्ठी होती. आमच्या सोबत मूळचे दाभोळकडचे एक वृद्ध सेवानिवृत्त कामगार होते. त्यांनी गाडीतच हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ निघते. षष्ठीचे सहा, त्याचे पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर कोळी-खारवी मंडळी पिढ्यान् पिढ्या हा ढोबळ हिशेब वापरीत आली आहेत. त्यासाठी त्यांना अणुघड्याळ लागले नाही. आम्ही पोचलो तेव्हा पाणी खरोखरच उतरत होते आणि ओली वाळू काचेसारखी चमकत होती.

मुले फोन हातात धरून उत्तरेच्या दिशेने निघाली. दोन-तीनशे पावले गेलो असू-नसू, तोच पुढची मुले एकदम थांबली. वाळूवर पाण्याच्या बाजूकडून वर सुरूच्या झाडांकडे एक पट्टा गेला होता. सुमारे पाऊण मीटर रुंद, दोन्ही बाजूंना आळीपाळीने वल्ही मारल्यासारख्या खुणा, आणि मधोमध काही जड वस्तू ओढत नेल्यासारखा चपटा माग. आमच्यातल्या एका मुलाने ट्रॅक्टर गेला असे अनुमान काढले. पण हा माग वर जाऊन पुन्हा दुसऱ्या अंगाने खाली आला होता, आणि भरतीच्या रेषेशी पुसला गेला होता. रात्री भरतीबरोबर समुद्रातून कोणीतरी वर आले होते आणि आपले काम उरकून परत गेले होते.

तेवढ्यात मागून एक गृहस्थ झपझप चालत आले. हातात एक बारीक काठी, खांद्याला पिशवी, पाय अनवाणी. त्यांनी आम्हांला हात करून बाजूला उभे राहावयास सांगितले. ते गावातले कासवमित्र होते. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवाच्या माद्या नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने कोकणच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालावयास येतात, आणि हे कासवमित्र पहाटे किनारा चालून त्यांची घरटी शोधतात. सुमारे चाळीस किलो वजनाची ती मादी वाळूत मडक्याच्या आकाराचा, हातभर खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते, अंगाने ती दाबते, आणि निघून जाते. नंतर ती अंड्यांकडे कधी परतत नाही.

आणि आता त्या गृहस्थांचे काम पाहा. माग तर समोर होता. आंधळ्यालाही दिसला असता. पण मादीने वर एक मोठी जागा विसकटून ठेवलेली असते. त्या विसकटलेल्या वाळूत अंड्यांचा खड्डा नेमका कोठे? ते गुडघ्यांवर बसले, काठी अगदी हलक्या हाताने वाळूत घालून पाहू लागले. येथे घट्ट, येथे घट्ट, येथेही घट्ट. आमची मुलेसुद्धा श्वास रोखून उभी होती. सातव्या की आठव्या वेळी काठी लोण्यात शिरावी तशी आत गेली. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि हाताने वाळू उपसावयास सुरुवात केली. खांद्यापर्यंत हात आत गेला, तेव्हा पहिले अंडे बाहेर आले. पांढरेशुभ्र, टेबल-टेनिसच्या चेंडूएवढे, कवच चामड्यासारखे मऊ.

एकशे अठरा अंडी निघाली. आमच्या मुलांनी मोठ्याने मोजली. ती त्यांनी ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत पिशवीत ठेवली. कारण काही तास लोटल्यावर अंडे उलटेसुलटे झाले तर आतला जीव मरतो. मग कुंपण घातलेल्या राखीव जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ती पुन्हा पुरावयाची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिले बाहेर येतात. आणखी एक नवलाची गोष्ट त्यांनी सांगितली. पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली की माद्या अधिक होतात. जगाचे हवामान तापत चालले आहे असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्याचा परिणाम असा हातभर खोल वाळूत जाऊन बसतो.

मी त्यांना विचारले, "भाऊ, ही जागा तशीच ठेवली तर काय होईल?" त्यांनी काठीने बाजूची पावले दाखविली. आम्हांला ती कुत्र्याची वाटली होती. ते म्हणाले, "कोल्हा. तोही शोधायलाच आला होता. आज मी आधी पोचलो."

एवढे झाल्यावर आम्ही डब्याकडे वळलो. वाटेत पाहिलेल्या गोष्टी नुसत्या सांगतो. सुरूच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड पायांत मासा धरून बसला होता. ओल्या वाळूवर कुरवांचा थवा उतरला होता. हे तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांच्या काठी वीण करतात आणि थंडीत आपल्या किनाऱ्यावर येतात. आमच्यातला एक बिहारी बंधू म्हणाला, "म्हणजे हेही आमच्यासारखेच, कामधंद्यासाठी आलेले!" आणि दहाच्या सुमारास दूर पाण्यात डॉल्फिनांच्या पाठी वर-खाली होताना दिसल्या. मुलांनी इतका गलका केला, की किनाऱ्यावरचे कुत्रे भुंकू लागले.

फोनाने आम्हांला एका वाडीच्या जांभ्याच्या गडग्यापाशी आणून सोडले. वर माडांची आणि सुरूची दाट सावली. फोनवरचा बाण कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरे. एक जण म्हणे सात मीटर, दुसरा म्हणे चार. अर्धा तास बावीस माणसे त्या गडग्याभोवती फिरत होती. शेवटी डबा सापडला तो पॅकिंग खात्यातल्या आमच्या एका भगिनीला. तिच्या हातात फोन नव्हताच. ती म्हणाली, "या एकाच दगडावरचं शेवाळ तुटलंय." दगड सरकवला, आत डबा! मालाची तपासणी करता करता दिवसाला हजारो नगांतून एक सदोष नग वेचून काढण्याचे काम ती बारा वर्षे करीत आहे. तिच्या वेतनचिठ्ठीवर त्या कामाला 'अकुशल' असे नाव आहे.

बंधुभगिनींनो, त्या एका सकाळी मी दोन शोध पाहिले. एक डब्याचा, एक घरट्याचा. दोन्ही ठिकाणी मोठी खूण उघड होती, दोन्ही ठिकाणी शेवटची दहा पावले अवघड होती, आणि दोन्ही ठिकाणी ती अशा माणसाने चालून दाखविली, की ज्याच्या कौशल्याला आपल्या समाजाच्या हिशेबवहीत रकाना नाही.

मी उपग्रहांचा द्वेष करीत नाही. त्यांनी कासवांविषयी फार मोठी माहिती दिली आहे. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर प्रक्षेपक बसविण्यात आला आणि तिचे नाव 'प्रथमा' ठेवण्यात आले. २०२३ मध्ये गुहागरहून 'बागेश्री' निघाली, ती श्रीलंकेपर्यंत गेली. ती श्वास घ्यावयास पाण्यावर येई तेव्हा तिचा ठावठिकाणा आकाशात जाई आणि तेथून शास्त्रज्ञांपर्यंत पोचे. परंतु या साऱ्या कथेची दुसरी बाजूही पाहा. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला एक मादी अंडी घालावयास आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची एक लहानशी क्रमांकपट्टी होती. ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसविलेली निघाली! म्हणजे ही मादी पूर्व किनाऱ्यावरून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर प्रवास करून पश्चिम किनाऱ्यावर आली होती. पूर्वेची कासवे आणि पश्चिमेची कासवे यांचे संबंध काय, हा प्रश्नच तिने नव्याने उभा केला. आणि ती पट्टी कोणत्याही उपग्रहाला दिसत नव्हती. ती वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला दिसली.

कोकणात हे काम मुळात लोकांनीच उभे केले. २००२ मध्ये वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने घरटी राखावयास प्रारंभ केला. त्यापूर्वी ही अंडी काढून खाल्ली वा विकली जात. ज्या हातांना खड्डा शोधण्याची विद्या अवगत होती, तेच हात पुढे राखणीला लागले. कायद्याने १९७२ पासून वन्य जीवांना संरक्षण दिले हे खरे. पण कायदा पहाटे चार वाजता किनाऱ्यावर चालत नाही. कोणा माणसाला चालावे लागते.

त्या कासवमित्रांना मी निघताना विचारले, "हंगाम संपल्यावर काय करता?" ते म्हणाले, "आंब्याच्या बागेत जातो, नाहीतर होडीवर. पाऊस पडला की शेत." आणि नंतर जरा थांबून म्हणाले, "हे काम चार-पाच महिन्यांचं. पण किनारा बारा महिने माहीत असावा लागतो." यावर मला भाष्य करण्याची गरज वाटत नाही. ज्ञान बारा महिन्यांचे आणि मोबदला हंगामाचा, ही गोष्ट मी साखर कारखान्यांत पाहिली आहे, मिठागरांत पाहिली आहे, आणि आता कासवांच्या किनाऱ्यावरही पाहिली.

हीच शेवटची दहा पावले आपल्या शहरांतून आज हजारो तरुण चालत आहेत. फोनवर मागविलेले जेवण, औषध, सामान घेऊन जो मुलगा आपल्या दारी येतो, त्यालाही उपग्रह गल्लीच्या तोंडापर्यंतच आणून सोडतो. इमारत कोणती, जिना कोणता, कुत्रा कोणत्या मजल्यावर आहे, हे त्याचे त्याला शोधावे लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली, ही चांगली गोष्ट झाली. पण व्याख्या हाही एक उपग्रहच आहे. ती त्या मुलाच्या दाराजवळ आणून सोडील. आत शिरून त्याला विमा, अपघाताची भरपाई आणि विश्रांतीचा दिवस मिळवून देण्याची शेवटची दहा पावले संघटनेलाच चालावी लागतील.

आता शेवटी या खेळाचा सर्वांत सुंदर नियम सांगतो. डब्यातली वस्तू तुम्ही घेऊ शकता. पण घेतली तर तितक्याच किंवा अधिक मोलाची दुसरी वस्तू आत ठेवली पाहिजे. वहीत नाव लिहावयाचे, आणि डबा जसा होता तसा पुढच्या माणसासाठी ठेवावयाचा. आमच्या एका मुलीने आतली शिट्टी घेतली आणि आपली रंगीत खडूंची पेटी ठेवली. त्या वृद्ध कामगारांनी काही घेतले नाही. एका कागदावर तिथीचा हिशेब लिहून तो आत टाकला. या खेळाची मंडळी जाताना वाटेतला कचराही उचलून नेतात. आम्हीही नेला: चार पोती प्लॅस्टिक, आणि तुटक्या जाळ्यांचा एक मोठा गुंता. असल्याच जाळ्यांत कासवे अडकून मरतात.

समुद्रकिनारा हा असाच एक डबा आहे असे मानून आपण वागलो तर किती बरे होईल! त्यातून मासळी घ्या, वारा घ्या, आनंद घ्या. पण परत काय ठेवले याचा हिशेब असू द्या. माझी आपणांस एवढीच विनंती आहे. आपल्या हक्काच्या रविवारी मुलांना घेऊन किनाऱ्यावर जा. विणीच्या हंगामात रात्री विजेऱ्यांचे झोत घेऊन वाळूवर हिंडू नका. त्या उजेडाला बिचकून मादी अंडी न घालताच परत फिरते. आणि जेथे कोणी अनवाणी माणूस हातात काठी घेऊन पहाटे चालताना दिसेल, तेथे क्षणभर थांबून त्याचे नाव विचारा. कासवांची नावे आपण वर्तमानपत्रांत वाचली; आता या माणसांची नावेही आपल्याला ठाऊक व्हावीत. नाव ठाऊक झाले, म्हणजे त्याच्या मोबदल्याचा प्रश्न विचारणे सोपे जाते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.